हरलेल्या आत्याचा कानमंत्र

"आत्या, जीएसला उभी राहू का?" असं तू रविवारी फोनवर विचारलंस आणि मी "जेवलीस का?" म्हणून विषय बदलला. राग मानू नकोस. आत लेबर रूममध्ये एक बाई कळा देत होती, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन कळांच्या मधल्या वेळात देता येण्यासारखं नव्हतं. आज ओपीडी लवकर संपली, म्हणून लिहायला बसले.

मी १९८५ साली आमच्या मेडिकल कॉलेजात जीएसला, म्हणजे जनरल सेक्रेटरीच्या पदाला, उभी राहिले आणि १९ मतांनी पडले. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या आजोबांनी तर पेढेही आणून ठेवले होते, ते नंतर कुणी खाल्ले कोण जाणे. मग हरलेल्या बाईला काय विचारायचं, असं तुझा बाबा म्हणेल. तर ऐक. जिंकलेल्याला विचारलंस तर तो म्हणेल, लोकांचा माझ्यावर जीव होता. हरलेल्याला मात्र एकेक मत कुठे गळलं ते पाठ असतं. चाळीस वर्षं झाली, मला अजून खोली नंबरांसकट आठवतं.

आधी हजेरी, मग हौस

पहिलं काम भाषणाचं नाही, स्टुडंट सेक्शनच्या खिडकीचं. तुमच्याकडे निवडणूक नेमकी कशी होते ते आधी लेखी बघ. माझ्या वेळी थेट मतदान होतं. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने राज्यातल्या विद्यापीठांमधली थेट निवडणूक गेली आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक कागदावर परत आणली. पण तुझं मेडिकल कॉलेज त्या कायद्याखाली येत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा स्वतःचा १९९८ चा कायदा आहे. त्यामुळे तुझी इंजिनिअरिंगची मैत्रीण काय सांगते ते ऐकून सोडून दे. कुठे सगळे मत देतात, कुठे फक्त वर्गप्रतिनिधी (सीआर) देतात, कुठे मार्कांवर नाव लागतं. तुमच्या नोटीस बोर्डावर जे लागलंय, ते तुझं.

दुसरं, हजेरी. तुमच्या अभ्यासक्रमात थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के लागते. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू करायला सांगितल्या, त्यातही उमेदवाराला ७५ टक्के हजेरी आणि त्या वर्षी विषय राहिलेला नसणं या अटी आहेत. पदाधिकारी म्हणून उभं राहायची संधीही एकदाच. म्हणजे "यंदा अंदाज घेते, पुढच्या वर्षी खरी लढते" हे चालणार नाही. फार्मॅकच्या लेक्चरला प्रॉक्सी लावली असशील तर वहीत तू हजर आहेस, पण विभागातल्या बाबूच्या डोक्यात नाही. तो तुला ओळखतो आणि तुझ्या विरोधकालाही.

अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागतात. माझ्या अनुमोदकाने लाडात येऊन हॉस्टेलमध्ये चालायची तशी सही ठोकली, ती मस्टरवरच्या नावाशी जुळेना. अर्ज बाद होता होता वाचला. शेवटच्या अर्ध्या तासात मी हॉस्टेलवरून दुसऱ्या मुलीला ओढत आणली, तिच्या केसांना तेल लावलेलं होतं. तू दोन जादा नावं तयार ठेव आणि अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दे. पोच घे. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समज.

कुठल्या पदाला?

"मुलींसाठी एलआर आहे की" असं आमच्या वेळी म्हणायचे. तुमच्या वेळीही कुणीतरी म्हणेलच, जरा गोड शब्दांत. एलआरचं, म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्हचं, काम वाईट नाही. हॉस्टेलच्या मुलींसाठी रात्री-अपरात्री रेक्टरच्या दारात उभं राहणारी तीच असते. ते काम तुला करायचं असेल तर खुशाल त्याला उभी राहा. पण जीएसची जागा मुलांची म्हणून तू एलआरला जाऊ नकोस.

जीएसचं काम म्हणजे परवानग्या, सह्या, अधिष्ठात्यांच्या केबिनबाहेरचा बाक आणि सगळ्यांच्या शिव्या. कल्चरलचं काम म्हणजे गॅदरिंग, आणि गॅदरिंग म्हणजे पैसा. मॅगझिन सेक्रेटरीला कुणी मोजत नाही, पण पन्नास वर्षांनी उरतं ते मॅगझिनच. पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या मुलांनी नाटकाचं एवढं वेड जपलं की तिथून जब्बार पटेल, मोहन आगाशे बाहेर पडले. त्या काळी तिथे जीएस कोण होता हे आज कुणाला विचारून बघ. तुला नेमकं काय करायचंय ते आधी ठरव, पद मागाहून ठरेल.

आणि वेळ बघ. सेकंड इयरचे तीन विषय म्हणजे खेळ नव्हे. फायनलला असताना तर या फंदात पडूच नये. विद्यापीठाची परीक्षा कुठल्याही जीएससाठी थांबलेली नाही.

वहीत मतदार लिहून काढ

एक शंभरपानी वही घे. दीडशेची बॅच असेल तर चार वर्षांचे मिळून सहाशेच्या आसपास मतदार होतात. इंटर्नना मत आहे का ते विचारून घे, असेल तर ग्रामीण पोस्टिंगवर कोण आहे तेही लिही. मग रकाने पाड: मुलींचं हॉस्टेल, मुलांचं हॉस्टेल, घरून येणारे. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायची, मी या माणसाशी शेवटचं कधी बोलले.

जिल्ह्याची लॉबी, जातीची लॉबी, क्लासच्या बॅचची लॉबी, सगळं असतं. आमच्याकडे होतं, तुमच्याकडेही असणार. २०२० पर्यंत आपल्या राज्यात मेडिकलच्या प्रवेशाला ७०:३० चा विभागवार कोटा होता, तेव्हा तर मराठवाडा-विदर्भ-उर्वरित असं मेसच्या टेबलांवरही दिसायचं. कुणी येऊन म्हणेल, "आपल्याकडची ४० मतं माझ्या खिशात आहेत." त्याला चहा पाज, पण आकडा वहीत लिहू नकोस. खिशातली मतं मोजणीच्या दिवशी कधी बाहेर येत नाहीत.

त्यापेक्षा ज्यांना कुणी विचारत नाही ते शोध. माझी चूक इथे झाली. आमच्या वेळी ईशान्येकडच्या राज्यांतून केंद्राच्या कोट्यातून आलेली ११ मुलं होती. मुलांच्या हॉस्टेलच्या मागच्या विंगमध्ये राहायची, आपसात बोलायची, स्टोव्हवर काहीबाही शिजवायची. ती कशाला मत द्यायला येतील, असं मी धरून चालले. त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. माझा विरोधक वर्षभर त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळत होता. निवडणुकीसाठी नव्हे, त्याला फुटबॉल आवडायचा म्हणून. ती अकराच्या अकरा आली, रांगेत उभी राहिली आणि त्याला मत देऊन गेली. त्यातली १० जरी माझ्याकडे वळली असती तरी मी एका मताने आले असते.

तुमच्याकडे आता ऑल इंडिया कोट्यातली १५ टक्के मुलं असतात. मेसमधल्या भाजीपासून वॉर्डातल्या मराठीपर्यंत सगळंच त्यांच्या अंगावर येतं. पेशंट मावशीला "कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय" हे विचारता येत नाही म्हणून केस प्रेझेंटेशनमध्ये बोलणी खातात. त्यांच्यासाठी दर शनिवारी अर्धा तास वॉर्डातली मराठी शिकव. निवडणूक असो वा नसो. आणि ते आजपासून कर, अर्ज भरल्यावर नको. अर्ज भरल्यावर केलेलं सगळं प्रचारातच मोजलं जातं.

दार वाजवायची रीत

पोस्टरने मत मिळत नाही, खोलीवर गेल्याने मिळतं. रात्री जेवणानंतर साडेनऊ ते अकरा, बस्स. टर्म एन्डच्या आठवड्यात नाही. बरोबर दोघी, फार तर तिघी. दहा जणांचा घोळका आला की आतला माणूस "हो हो" म्हणतो आणि दार लावून घेतो.

आत गेल्यावर आपलं पुराण लावायचं नाही. हिस्टरी घ्यायला शिकवलीय ना? तशीच घे. "काय त्रास आहे" विचारायचं आणि गप्प बसायचं. पहिलं उत्तर "काही नाही" असंच येतं. पेशंटचंही तसंच असतं. मग हळूच कळतं की तिसऱ्या मजल्यावर उन्हाळ्यात पाणी चढत नाही, लायब्ररीचा रीडिंग हॉल रात्री लवकर बंद होतो, मेसचा ठेकेदार सुट्टीच्या दिवसांचे पैसे कापून घेतो. ऐकलं ते खोलीबाहेर आल्यावर लिही, समोर नको.

दोन जागा मात्र वर्ज्य. एक, वॉर्ड. पेशंटच्या खाटेजवळ मत मागितलंस असं मला कळलं तर मी स्वतः तिथे येऊन तुझा अर्ज मागे घेईन. दुसरी, फर्स्ट इयरच्या पोरांना आपल्या खोलीवर बोलावणं. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम आहेत. तुझ्या मनात काही नसेल, पण रात्री सिनिअरने खोलीवर बोलावलं म्हणजे त्या पोराचं पोट दुखायला लागतं. दिवसाउजेडी, कॉमन रूममध्ये, त्यांच्या सीआरला सांगून जा. उभी राहून बोल, त्यांना बसू दे.

वचन देताना कुणाच्या हातात काय, ते बघ

मी जाहीरनाम्यात ९ कलमं लिहिली होती. त्यातलं एकही पूर्ण करायची सत्ता जीएसला नव्हती, हे मला नंतर कळलं. सरकारी कॉलेजात तीन टेबलं लक्षात ठेव.

पहिलं टेबल अधिष्ठात्यांचं. लायब्ररीची वेळ, मेस कमिटीवर विद्यार्थी घेणं, ग्राउंडची वेळ, तक्रारपेटी ही त्यांच्या सहीने होणारी कामं. दुसरं टेबल सार्वजनिक बांधकाम विभागाचं. हॉस्टेलचं गळकं छत, तुंबलेलं बाथरूम, जळालेली वायरिंग. त्यासाठी कॉलेजचं पत्र जातं, पाहणी होते, अंदाजपत्रक बनतं, मंजुरी येते, मग काम. हे एका वर्षात झालं तर नशीब. म्हणून "हॉस्टेल नवं करून देईन" म्हणू नकोस. "पत्राचा पाठपुरावा दर पंधरा दिवसांनी करीन आणि कुठे अडलंय ते बोर्डावर लावीन" असं म्हण. तिसरं टेबल नाशिकचं. परीक्षा पुढे ढकलणं, निकाल, फेरतपासणी. त्यावर वचन देणारा उमेदवार एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड.

तीन कलमं पुरेत. त्यातलं एक माझ्याकडून घे. हॉस्पिटलपासून मुलींच्या हॉस्टेलपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे मोज. रात्री बारानंतर स्वतः चालत जा, कुठला खांब बंद आहे ते नंबरासकट लिही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात हॉस्पिटलच्या आतच एका डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर सगळीकडे मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. मेणबत्त्या विझल्यावर खांबाची यादी हातात असलेली मुलगी लागते.

फुकटचा डोसा

लिंगडोहच्या नियमात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५००० रुपये आहे. छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलं चालतं, तेही ठरवून दिलेल्या जागीच. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशोब द्यायचा. पाच हजारांत काय होणार, असं तुला कुणी म्हणेल. खोलीखोलीपर्यंत पोचायला अजून काय हवंय? कार्डशीट, स्केचपेन आणि चपला.

खरा धोका तुझ्या खर्चात नाही, दुसऱ्याने केलेल्या खर्चात आहे. अचानक कुणी ढाब्यावरच्या पार्टीचं बिल भरतो. कुणी म्हणतो, टी-शर्ट मी देतो. तो मेसच्या ठेकेदाराचा माणूस असतो, साउंड-लाइटवाला असतो, नाहीतर पीजीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास चालवणाऱ्याचा. गॅदरिंगच्या वेळी तो हिशोब मांडतो. बाहेरच्या पक्षाच्या पोरांचंही तेच, आज गाडी देतील, उद्या मोर्च्याला माणसं मागतील. कुणाच्याही पैशाने डोसा खायचा नाही. खाल्लास तर वहीत लिही आणि दुसऱ्या दिवशी पैसे दे.

कुजबुज

आता अवघड भाग. मुलगी उभी राहिली की तिच्या कामावर कुणी बोलत नाही. ती कुणाबरोबर दिसते यावर बोलतात. आमच्या वेळी संडासाच्या भिंतीवर लिहायचे, तुमच्या वेळी ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो. माझ्याबद्दल लिहिलेलं मला मैत्रिणीने सांगितलं, त्या दिवशी मी दुपारच्या क्लिनिकला गेले नाही. ती माझी दुसरी चूक. सगळ्यांना वाटलं, म्हणजे काहीतरी असणारच.

तू क्लिनिकला जा. ग्रुपवर वाद घालू नकोस, भावाला-मित्राला भांडायला पाठवू नकोस. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव, एक लेखी तक्रार निवडणूक अधिकाऱ्याकडे दे, पोच घे आणि त्या रात्रीही ठरलेल्या खोल्या कर. आणि तुझ्या गोटातला कुणी विरोधकाबद्दल असलं काही घेऊन आला तर त्याला तिथल्या तिथे घरी पाठव. तो तुझी दहा मतं आणतोय असं वाटेल. आणू दे दुसऱ्याला.

माइकसमोर

तीन मिनिटं मिळतील. हुल्लड होणारच, मागच्या बाकावरची मंडळी त्यासाठीच आलेली असतात. पहिलं वाक्य पाठ कर, बाकीचं बोल. पहिलं वाक्य तुझ्या नावाचं नको, तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याचं हवं. अर्धं मराठीत, थोडं हिंदीत. टाळ्यांसाठी थांबू नकोस.

मोजणी आणि नंतर

मतदानाच्या दिवशी सकाळच्या पोस्टिंगला जा. मोजणीला तुझा प्रतिनिधी म्हणून शांत डोक्याची मुलगी बसव, जिला बाद मताचा नियम वाचून माहीत आहे. मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला बसवलं होतं, ती निम्म्यात रडायला लागली.

जिंकलीस तर हॉस्पिटलच्या आवारात ढोल नाही, फटाके नाहीत, गुलाल नाही. तिथली शांतता पेशंटची आहे. दुसऱ्या दिवशी पहिलं पत्र टाइप कर, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घे आणि त्याची प्रत फाइलला लाव. तोंडी सांगितलेलं काम सरकारी इमारतीत भिंतींनाही ऐकू येत नाही. वर्ष संपताना ती फाइल पुढच्या जीएसच्या हातात दे, तो तुझा विरोधक असला तरी.

हरलीस तर काय, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

मला निकाल कळला तेव्हा माझा विरोधक समोरून चालत आला होता, हात पुढे करून. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि हॉस्टेलच्या जिन्याने वर गेले. तीन दिवस मेसमध्ये गेले नाही, खोलीत बिस्किटं खाल्ली. पुढे ११ महिने आम्ही बोललो नाही. एकाच युनिटला पोस्टिंग असताना नाही बोललो. शेवटी त्यानेच मेस कमिटीवर माझं नाव घातलं, मला न विचारता.

तुमची बॅच दीडशेची असली तरी जग तेवढंच राहतं, हे तुला आत्ता कळणार नाही. पुढे कोण रेफर करणार, कोण सीटी वाचून देणार, रात्री रक्ताची पिशवी कुणाच्या ओळखीवर मिळणार, ही सगळी तीच नावं असतात जी आज तुझ्या वहीत आहेत. आमचा जीएस भूलतज्ज्ञ झाला आणि बायकोच्या गावी म्हणून आमच्याच तालुक्याला आला. गेली २६ वर्षं माझ्या प्रत्येक सिझरला तोच येतो. रविवारी तुझा फोन ठेवला, त्या कळा देणाऱ्या बाईला सिझरला घ्यावं लागलं, तेव्हाही त्यालाच बोलावलं. पावसात स्कूटरवर आला, नखशिखांत भिजलेला. मुलगी झाली, २ किलो ८००. तो म्हणाला, "मॅडम, चहा." मी करून दिला.

तेव्हा उभी राहा. आणि निकाल काहीही लागो, त्या रात्री मेसमध्ये खाली जेवायला जा. वर खोलीत बसू नकोस.